भोक ओझोनला, ताप पृथ्वीला

अचलपूर-परतवाड्याच्या एखाद्या शाळेत मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत जाऊन बसा आणि 'हवामान खरंच बदलतंय का?' एवढंच विचारा. वाद होणार नाही. तिथल्या बऱ्याच जणांच्या घरी संत्र्याचा बगीचा असतो, नाहीतर चार-पाच एकर कपाशी-तूर असते. मृगाचा पाऊस आर्द्रापर्यंत लांबलेला, ऐन डिसेंबरात थंडीऐवजी आभाळ आलेलं, गहू-हरभरा काढणीला आला असताना गारा पडलेल्या, हे त्यांनी वाचलेलं नाही, सोसलेलं आहे. आता दुसरा प्रश्न विचारा: 'कशामुळे?' उत्तरं भराभर येतात. प्रदूषण वाढलं. जंगल तोडलं. गाड्या वाढल्या. प्लॅस्टिक. आणि जरा वेळानं कोणीतरी हमखास म्हणतं, ओझोनला भोक पडलंय ना, त्यातून ऊन जास्त येतं.

या यादीत खरं-खोटं मिसळलेलं आहे, पण मला खटकतं ते वेगळंच. या उत्तरांत उष्णता कुठेच नाही. सूर्याकडून किती आली, पृथ्वीवरून किती परत गेली, वाटेत काय अडलं, हा हिशेब कोणी मांडत नाही. हवामानबदल हा आपल्या शाळांमध्ये स्वच्छता, वृक्षारोपण आणि सद्वर्तनाच्या शेजारी जाऊन बसलेला विषय आहे. भौतिकशास्त्राचे सर तो आपला समजत नाहीत, गणिताच्या मॅडमचा तर काही संबंधच येत नाही.

यात अचलपूरच्या गुरुजींना वेगळं काढण्याचं कारण नाही. १९९० च्या दशकात इंग्लंडमधल्या लिव्हरपूल विद्यापीठात एडवर्ड बॉईस आणि मार्टिन स्टॅनिस्ट्रीट यांनी शाळकरी मुलांना हरितगृह परिणामाबद्दल विचारलं, तेव्हा ओझोनचं भोक आणि तापमानवाढ यांची गल्लत पानोपानी सापडली. मुलांना ती कुठून लागली हे शोधायला गेलेल्या अभ्यासकांना भावी शिक्षकांतही तीच गल्लत दिसली. ग्रीसमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्राथमिक शिक्षक होऊ घातलेले विद्यार्थी याच वळणावर चुकत होते. अमेरिकेत एरिक प्लुट्झर आणि सहकाऱ्यांनी सुमारे १,५०० विज्ञान शिक्षकांची पाहणी करून २०१६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. बहुतेक शिक्षक वर्षाकाठी एक-दोन तास या विषयाला देत होते. शास्त्रज्ञांमध्ये यावर जवळजवळ एकमत आहे, हे माध्यमिकच्या खालच्या वर्गांना शिकवणाऱ्यांपैकी ३० टक्क्यांना आणि वरच्या वर्गांच्या शिक्षकांपैकी ४५ टक्क्यांनाच ठाऊक होतं.

अमेरिकेत त्यामागे राजकारण आहे. आपल्याकडे ते नाही. येल विद्यापीठाने सीव्होटरबरोबर २०२१-२२ मध्ये भारतात केलेल्या पाहणीत, तापमानवाढ म्हणजे काय हे थोडक्यात सांगितल्यावर ८४ टक्के लोक म्हणाले की हो, असं घडतंय. माणूसच मुख्य कारण आहे असं ५७ टक्क्यांना वाटत होतं. म्हणजे इथे नाकारणाऱ्यांशी भांडण नाही. मान्य असलेल्या गोष्टीचं कारण समजावून द्यायचं आहे. ते काम सोपं असायला हवं होतं. पण युनेस्कोने १४४ देशांतल्या ५८,००० शिक्षकांना विचारून २०२१ साली जे प्रसिद्ध केलं, ते अचलपूरसाठी जास्त बोलकं आहे: हा विषय शिकवलाच पाहिजे असं जवळजवळ सगळे म्हणत होते, पण आपल्या स्वतःच्या परिसरावर त्याचा काय परिणाम होतोय हे नीट समजावून सांगता येईल असं सुमारे एक तृतीयांश शिक्षकांनाच वाटलं.

ओझोनचं प्रकरण आधी निस्तरून टाकू, कारण ते चिवट आहे. ओझोन वातावरणाच्या वरच्या थरात, साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर, सूर्याकडून येणारे अतिनील किरण शोषतो. १९८५ साली जो फारमन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावर तो दर वसंतात विरळ होतो असं दाखवलं. शीतकपाटांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू त्याला जबाबदार निघाले, आणि १९८७ च्या माँट्रियल कराराने त्यांच्यावर बंधनं आली. अतिनील किरण जास्त आले तर कातडी भाजते, डोळ्यांना आणि पिकांना त्रास होतो. पण सूर्याकडून येणाऱ्या एकूण ऊर्जेत त्यांचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी आहे. भोकातून 'जास्त ऊन' येऊन पृथ्वी तापत नाही. एखादं चौकस पोरगं विचारतंही: "सर, भोक तं तिकडं बर्फाच्या खंडावर हाये म्हणता, मंग आपल्या इथं काहून तपते?" प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. गल्लत होण्याला एक सबळ कारणही आहे. तेच क्लोरोफ्लुरोकार्बन वायू ओझोन खातात आणि वर हरितगृह वायू म्हणूनही काम करतात. दोन वेगळे गुन्हे, आरोपी एक.

दुसरं कारण पाठ्यपुस्तकाच्या मांडणीत आहे. बालभारतीच्या आठवीच्या सामान्य विज्ञानात हरितगृह परिणाम आणि जागतिक तापमानवाढ हे येतात 'प्रदूषण' या पाठात. ओझोनचा ऱ्हास आणि आम्लवर्षा तिथेच, शेजारीशेजारी. वहन, अभिसरण, प्रारण हे उष्णतेचे तीन मार्ग मात्र मुलांनी सातवीत 'उष्णता' या वेगळ्या पाठात शिकून परीक्षेपुरते पाठ करून सोडलेले असतात. मराठी माध्यमात असो की अचलपुरात मोठ्या संख्येने असलेल्या उर्दू माध्यमाच्या वर्गांत, क्रम तोच. प्रारण हा शब्द प्रदूषणाच्या पाठाशी जोडून द्यायला शिक्षकाला स्वतः उठावं लागतं. तो उठला नाही, तर मुलाच्या डोक्यात कार्बन डायऑक्साइड हा घाण वायू राहतो, आणि घाण झाली की गरम होतं एवढाच धडा पोचतो.

मग येते विज्ञान प्रदर्शनी. दोन काचेच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या बाटल्या, दोन्हींत थर्मामीटर. एकीत खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळून कार्बन डायऑक्साइड भरलेला, दुसरीत साधी हवा. दोन्हींवर शंभर वॅटचा बल्ब. वायूची बाटली दोन-तीन अंशांनी जास्त तापते, परीक्षक खूश होतात आणि तक्त्यावर 'हरितगृह परिणाम' असं लाल शाईत लिहिलेलं असतं. प्रयोग खोटा नसतो, आकडेही खरे असतात. पण कारण वेगळं आहे. पॉल वॅगनर, चुनहुआ लिऊ आणि आर. जी. टोबिन यांनी २०१० मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये असा प्रयोग तपासला. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसून राहतो, वरच्या हवेत मिसळत नाही, अभिसरण मंदावतं आणि म्हणून तापमान चढतं. त्यांनी कार्बन डायऑक्साइडऐवजी अरगॉन वापरला. अरगॉन उष्णतेचे किरण शोषतच नाही, पण तोही जड आहे, आणि तापमान तसंच चढलं. उत्तर बरोबर, रीत चुकलेली. गणिताच्या पेपरात आपण याला निम्मेच गुण देतो.

खुद्द 'हरितगृह' हे नावही तसंच फसवं आहे. काचघर तापतं ते मुख्यतः आतली गरम हवा बाहेर जाऊ शकत नाही म्हणून. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०९ साली काचेऐवजी उष्णतेचे किरण जाऊ देणारं सैंधवाचं झाकण लावून हे दाखवलं होतं. वऱ्हाडात काचघर कोणी पाहिलेलं नाही. पण ज्याने हा परिणाम खरोखर कळतो, ते इथल्या प्रत्येक बागाईतदाराला माहीत आहे.

आंबिया बहारासाठी संत्र्याच्या झाडाला डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून ताण देतात. ताण बसायला थंडीही साथ द्यावी लागते. रात्री आकाश निरभ्र असलं की पारा झपाट्यानं उतरतो, आणि आभाळ आलं की थंडी पळते. 'आभाळ आलं, आता बहार कसा फुटंन?' ही त्या दिवसांतली नेहमीची काळजी. ढगांमुळे दिवसा थंड वाटतं हे समजतं, पण रात्री सूर्यच नसताना ढग उबदार का? जमीन रात्रभर अवरक्त किरणांच्या रूपात उष्णता वर सोडत असते. निरभ्र, कोरड्या रात्री त्यातली बरीच थेट अवकाशात निघून जाते. ढग आणि बाष्प ती शोषतात, स्वतः उबदार होतात आणि चहूकडे सोडतात. त्यातली काही जमिनीकडे परत येते. हाच हरितगृह परिणाम, चालू अवस्थेत, बगीच्यात उभं राहून अनुभवता येणारा.

तो मोजताही येतो. कोरोनाच्या काळात कपाळाचं तापमान घ्यायला आणलेली ती 'बंदूक' बऱ्याच शाळांच्या कपाटात अजून पडून असेल. तिला वस्तूचं तापमान मोजण्याची सोय असेल तर संध्याकाळी ती निरभ्र आकाशाकडे रोखा: शून्याच्या खालचा आकडा, नाहीतर मोजमापाच्या पलीकडे गेल्याची खूण दिसेल. मग ढगाकडे रोखा. आकडा वर चढतो, कारण ढग खाली उष्णता पाठवतोय. एक गोष्ट मात्र मुलांपासून लपवू नये. ही यंत्रं साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर लांबीच्या लहरी टिपतात, आणि कार्बन डायऑक्साइडचा मुख्य पट्टा १५ च्या आसपास आहे. म्हणजे आपण इथे ढगाचं आणि थोडं बाष्पाचं काम पाहतोय. कार्बन डायऑक्साइडचं काम त्याच जातीचं, पण या यंत्राच्या नजरेबाहेरचं.

पुढची पायरी चिखलदऱ्याच्या रस्त्यावर आहे. परतवाड्याहून घाट चढून वर गेलं की मे महिन्यातही हवा बदलते, हे सगळ्यांना माहीत असतं. अचलपूर समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरच्या आसपास, चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर. हवा दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणून वर चार-पाच अंशांचा फरक पडतो. आता असंच वर जात राहिलं, तर जगाच्या सरासरीने सुमारे पाच किलोमीटरवर तापमान उणे १८ अंशांच्या आसपास येतं. हा आकडा महत्त्वाचा आहे. सूर्याकडून जितकी ऊर्जा पृथ्वी शोषते तितकीच परत सोडायची, तर तिचं तापमान उणे १८ असायला हवं, असा हिशेब निघतो. अवकाशातून पाहणाऱ्याला पृथ्वी तशीच दिसते. कारण तिची उष्णता जमिनीवरून थेट बाहेर जात नाही. ती वायूंच्या थरांत शोषली जात, पुन्हा सोडली जात वर चढते आणि सरासरी पाच किलोमीटरवरून मोकळी होते. तिथे उणे १८, म्हणून खाली जमिनीवर सरासरी १५. मधले ३३ अंश ही मुख्यतः बाष्प, ढग आणि कार्बन डायऑक्साइडची कमाई, आणि ती नसती तर समुद्र गोठले असते.

कार्बन डायऑक्साइड वाढला की उष्णता मोकळी होण्याची ही उंची वर सरकते. वर हवा जास्त थंड, आणि थंड वस्तू कमी उष्णता सोडते. म्हणजे येणारी ऊर्जा तितकीच, जाणारी कमी. मग खालचं सगळं हळूहळू तापत राहतं, जोवर ती नवी उंचीही पुन्हा उणे १८ वर येत नाही तोवर. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर ही उंची ढोबळमानाने दीडशे मीटर वर सरकते. साडेसहाच्या दराने तो झाला एक अंश. गरम हवेत बाष्प वाढतं, बर्फ वितळतो, ढग बदलतात, त्यामुळे अखेरचा परिणाम अडीच ते चार अंशांच्या दरम्यान जाईल असा आजचा अंदाज आहे. यात भूमितीच्या पलीकडचं काही नाही, आणि दहावीच्या मुलाला हे झेपतं. शिक्षकांनाच कोणी या वाटेने नेलेलं नसतं, हा खरा अडसर आहे.

आता धूर. तापमानवाढ म्हटलं की चित्रात काळा धूर काढलेला असतो. भिंतीवरच्या प्रत्येक स्पर्धेच्या चित्रात. पण अकोला जिल्ह्यातल्या पारसच्या औष्णिक केंद्राच्या चिमणीतून जे दिसतं त्यात पाणी आणि बारीक कण असतात. कार्बन डायऑक्साइड दिसत नाही. उलट गंधकाच्या धुरातून तयार होणारे कण सूर्यप्रकाश परतवून हवा किंचित थंडच ठेवतात. केंद्रीय पृथ्वीविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढलं. हरितगृह वायूंनी केलेली वाढ याहून जास्त असती, पण या कणांनी आणि जमिनीच्या बदललेल्या वापराने ती काही अंशी झाकली गेली. 'प्रदूषण म्हणजे तापमानवाढ' हे समीकरण इथे सपशेल कोसळतं.

फरक मुक्कामाचाही आहे. मुर्तिजापूरहून अचलपूरला येणारी 'शकुंतला' आगगाडी १९२३ पासून १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावली. तिचा धूर दोन-चार दिवसांत खाली बसला किंवा पावसात धुऊन गेला. त्या कोळशापासून झालेला कार्बन डायऑक्साइड मात्र काही झाडांनी घेतला, काही समुद्राने, आणि उरलेला काही आजही आपल्या डोक्यावर आहे. गाडी बंद पडली, वायू अजून मुक्कामाला. म्हणूनच हवाईच्या मौना लोआवर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली मोजायला सुरुवात केली तेव्हा दहा लाखांमागे ३१५ असलेला आकडा आज ४२० च्या वर गेला आहे. कारखानदारीच्या आधी तो २८० होता.

वर्गात एखादा म्हणतोच: हवामान तर आधीही बदलत होतं. खरं आहे, आणि गाविलगडच्या डोंगराकडे बोट दाखवूनच ते मान्य करावं. तो सगळा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आणि त्या उद्रेकांनीही हवेत वायू ओतला होता. पण आजचे जगातले सगळे ज्वालामुखी मिळून जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात त्याच्या शंभरपटीहून अधिक माणूस सोडतो. आणि तो आपलाच आहे याचा पुरावा अणूतच आहे. कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन ५,७३० वर्षांत निम्मा होतो. कोट्यवधी वर्षं जमिनीत पडलेल्या कोळशात तो उरलेलाच नसतो. हवेतल्या कार्बनमधलं त्याचं प्रमाण कमी होत चाललंय हे हान्स झूस यांनी १९५५ सालीच झाडांच्या वलयांवरून दाखवलं. सूर्यच जास्त तापलाय म्हणावं, तर वातावरणाचा वरचा थरही तापायला हवा होता. उपग्रह सांगतात की खालचा थर तापतोय आणि वरचा थंड होतोय.

हे झालं जगाचं. युनेस्कोच्या पाहणीत शिक्षक अडखळले ते 'आमच्याकडे काय?' या प्रश्नावर, आणि इथे उत्तर जरा जपून द्यावं लागतं. पावसाचं चित्र त्यातल्या त्यात स्पष्ट आहे. बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली मध्य भारताच्या १९५१ ते २००० या पन्नास वर्षांच्या नोंदी पाहिल्या. पावसाळ्याच्या एकूण पावसात ठळक वाढ वा घट नव्हती. पण दिवसाला शंभर मिलिमीटरहून जास्त कोसळणारे प्रसंग वाढले होते आणि मध्यम पावसाचे घटले होते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ दरम्यान मध्य भारतात मोठ्या भूभागावर एकदम पडणाऱ्या अतिपावसाचे प्रसंग तिपटीने वाढले. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाचे लोंढे जास्त चंचल झाले आहेत. हवा एका अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, हे त्यामागचं साधं गणित. अचलपूर या पट्ट्यात येतं. 'पाऊस तेवढाच, पण कामाचा नाही' हे शेतकऱ्याचं म्हणणं आणि गोस्वामींचा आलेख यांत फारसं अंतर नाही.

गारपिटीचं तसं नाही. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीने राज्यभर हाहाकार केला, वऱ्हाडही त्यात होतं. ती हवामानबदलामुळे झाली का? गार ही इतकी स्थानिक आणि क्षणिक घटना आहे, आणि तिच्या जुन्या नोंदी इतक्या तुटक आहेत, की तेवढ्या ठामपणे बोट दाखवता येत नाही. जो शिक्षक वर्गात प्रत्येक आपत्ती 'ग्लोबल वॉर्मिंग'च्या खात्यात टाकतो, तो पुढच्या थंडीच्या लाटेत तोंडघशी पडतो. आजोबा संवत छप्पन्नच्या दुष्काळाच्या ऐकीव गोष्टी सांगतात. १८९९-१९०० चा तो दुष्काळ भीषणच होता, आणि तेव्हा हवेत आजच्याइतका कार्बन डायऑक्साइड नव्हता. एका वर्षाचा चढउतार ही एक गोष्ट, तीस वर्षांच्या सरासरीचं सरकणं ही दुसरी. हवामानशास्त्रात तीस वर्षांचा काळ धरतात तो त्यासाठीच.

उपायांच्या बाबतीत शाळांचा सगळा भर झाडांवर. १ जुलैला खड्डे, रोपं, फोटो. राज्य सरकारने २०१९ साली ३३ कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं होतं. झाडं लावावीतच, सावलीसाठी, मातीसाठी, पाण्यासाठी. पण सातवीच्या मुलाकडून एक ढोबळ हिशेब करून घ्यावा. वाढलेलं झाड वर्षाला वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड घेतं असं धरू. तेहतीस कोटीच्या तेहतीस कोटी जगली, वाढली, तर ६६० कोटी किलो. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं. ते साठ टक्के क्षमतेने चाललं तर वर्षाला सुमारे १,५०० कोटी युनिट वीज. कोळशाच्या विजेला युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे १,५०० कोटी किलो. एका केंद्राचं निम्मंही फिटत नाही. हा हिशेब निराश करण्यासाठी नाही. पण तो न करता 'झाडे लावा, पृथ्वी वाचवा' एवढ्यावर थांबणं म्हणजे मुलांची दिशाभूल आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिक्षकांनी हे सगळं कधी शिकायचं? सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ साली पर्यावरण शिक्षण शाळांत आणायला सांगितलं, त्याला तीन दशकं होऊन गेली. वेगळा विषय आला, वही आली, प्रकल्प आले, श्रेणी आल्या. शिक्षकांवर ऑनलाइन प्रशिक्षणांचा मारा आहे, केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला असते, त्यात माहिती भरणं आणि निवडणुकीचं काम. आणखी एक मॉड्युल लादलं तर ते पाहिल्याची खूण होईल, बाकी काही नाही. शेतकऱ्याकडे निदान कृषी विभागाची माणसं 'पोकरा' या प्रकल्पाचं काम घेऊन गेली. २०१८ पासून पंधरा जिल्ह्यांतल्या पाच हजारांवर गावांत, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यासह, हवामानाला तोंड देणारी शेती हा शब्दप्रयोग पोचला. त्याच गावातल्या शाळेत तो कोणी घेऊन आलं नाही. बाप कार्यशाळेत बसतो आणि मुलगी वर्गात प्लॅस्टिकबंदीचं चित्र रंगवते.

पुण्याच्या आयसर या संस्थेत २०१७ पासून 'ट्रॉप इक्सू' नावाचा एक उपक्रम झाला. त्यांची कल्पना मला सगळ्यांत व्यवहार्य वाटते: हवामानबदलाचा वेगळा तास मागू नका, आहे त्या विषयाच्या आहे त्या धड्यात त्याची उदाहरणं घाला. प्रारण शिकवताना पृथ्वीचं प्रारण. किरणोत्सारिता शिकवताना कार्बन-१४. सांख्यिकीत तापमानाच्या नोंदी. भूगोल, रसायन, अगदी भाषेच्या तासालाही जागा आहे. अभ्यासक्रम वाढत नाही, आणि ज्या शिक्षकाला आपला विषय येतो त्याला आपल्याच अंगणातून सुरुवात करता येते.

अचलपूरला उदाहरण शोधायलाही लांब जावं लागणार नाही. 'महावेध' प्रकल्पातून राज्याच्या दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसली आहेत, आणि रोजचा पाऊस मंडळनिहाय मिळतो. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर म्हणजे अतिवृष्टी हा आकडा वऱ्हाडातल्या पोरासोरांनाही पाठ आहे, कारण पंचनामा आणि नुकसानभरपाई त्यावर ठरते. नववीच्या वर्गाने आपल्या मंडळाच्या जुलै महिन्याचे एकतीस आकडे फळ्यावर लिहावेत. आधी मध्य काढावा, मग मध्यक. बहुतेक वर्षी मध्य बराच मोठा निघेल आणि मध्यक जेमतेम दोन-चार मिलिमीटर, कारण सगळा पाऊस तीन-चार दिवसांनी खाल्लेला असतो. अडीच मिलिमीटरहून जास्त पावसाचे दिवस किती, ६५ च्या वरचे किती, हे वर्षनिहाय शेजारीशेजारी मांडावं. दहा वर्षांच्या आकड्यांवरून हवामानाचा निकाल देता येत नाही, हेही मुलांनीच शोधावं. जुने आकडे तहसील कचेरीत मागायला जावं. सरासरी पाऊस झाला असं बातमीत आलेलं असताना बापाने दुबार पेरणी का केली, याचं उत्तर त्या मध्य आणि मध्यकाच्या फरकात असतं, आणि ते गणिताच्या मॅडमना देता येतं.